पायांची तटबंदी आणि वजनाचा हिशेब

मराठवाड्यातल्या जत्रेच्या फडात पाठ मातीला लागली की कुस्ती संपते, हलगी कडाडते आणि चीत झालेला गडी माती झटकत उठतो. मॅटवरच्या फ्रीस्टाइल प्रकारात, ज्यात बीड जिल्ह्याच्या राहुल आवारे यांनी 2019 साली जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक मिळवले, दोन्ही खांदे टेकले की पराभव ठरलेलाच असतो. त्यामुळे तालमीत घडलेला पठ्ठा ब्राझिलियन जिऊ-जित्सू प्रथमच पाहतो तेव्हा बुचकळ्यात पडतो. तेथे खेळाडू आपणहून पाठीवर पडतो, दोन्ही पाय समोरच्याच्या अंगाला लावतो आणि तिथूनच गळा आवळण्याची किंवा कोपर उलट्या दिशेला ताणून धरण्याची संधी शोधतो. मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू 1914 साली ब्राझीलला पोहोचला आणि त्याच्याकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी घराण्याकडे गेली. पाठीवर पडून पाय लावण्याच्या पवित्र्याला या विद्येत गार्ड म्हणतात. पायांची ही तटबंदी ओलांडून वर येणे आणि 3 सेकंद टिकणे म्हणजे गार्ड पास, आणि त्याचे 3 गुण मिळतात.

मांडी आणि नितंबांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे असल्यामुळे हातांच्या जोरावर पाय हटवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. मात्र पाय ही एक पहारच आहे आणि तिचा टेकू खुब्यात आहे. खुब्यापासून गुडघा सुमारे 40 सेंटिमीटरवर आणि घोटा सुमारे 80 सेंटिमीटरवर असतो; म्हणून ताठ पाय वळवायला घोट्याशी निम्मा जोर पुरतो. अडचण एवढीच की पाय ताठ राहत नाही. घोटा धरला तर गुडघा वाकवून खालचा गडी सुटतो, आणि गुडघा धरला तर जोर जास्त लागतो, पण मांडी व तिच्यासोबत कंबर ताब्यात राहते. अनुभवी खेळाडू पायजम्याला गुडघ्याजवळ पकडतात त्याचे कारण हेच आहे.

बैलाला हुलकावणी देणाऱ्या टोरेरोवरून नाव पडलेल्या टोरेआंदो पासमध्ये दोन्ही पाय एका बाजूला ढकलून दुसऱ्या बाजूने वळसा घातला जातो. नवखे येथे नुसत्या वेगावर भिस्त ठेवतात, आणि माझ्या मते तालमीतून आलेल्या चपळ मुलांची पहिली चूक हीच असते. वरचा गडी मोठ्या वर्तुळाच्या परिघावर धावत असतो, तर खालचा मध्यभागी पाठीवर फिरत असतो. तेवढ्याच कोनासाठी वरच्याला दोन-तीन पावले टाकावी लागतात आणि खालच्याला कंबर जराशी फिरवली तरी भागते. त्यामुळे धावण्याआधी पाय मॅटला खिळवून ती कंबर थांबवावी लागते.

खेळ खरा पालटतो तो वजनाचा हिशेब कळल्यावर. काळ्या रानात वखर चालवताना फास, म्हणजे वखराचे पाते, खोल जावी म्हणून माणूस वखरावर उभा राहतो, आणि तो नेमका कोठे उभा आहे यावर फास किती रुतेल हे ठरते. 70 किलो वजनाच्या आणि 170 सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूचा गुरुत्वमध्य तळव्यांपासून साधारण 95 सेंटिमीटरवर असतो. गुडघे उचलून, चवडे रोवून, तळव्यांपासून 125 सेंटिमीटरवरची छाती त्याने समोरच्यावर टाकली, तर तरफेच्या नियमाने 70 गुणिले 95 भागिले 125, म्हणजे सुमारे 53 किलो भार खाली जातो. हाच स्पर्श पोटाकडे सरकून 105 सेंटिमीटरवर आला तर भार 63 किलोच्या घरात जातो. गुडघे टेकवले की मात्र त्यातला बराच वाटा मॅट उचलते आणि 70 किलोचा गडी हलका वाटू लागतो.

गुडघा मांड्यांमधून तिरका सरकवत जाणारा पास, ज्याला इंग्रजी नावावरून नी कट म्हणतात, पाचरीसारखा काम करतो; पण पाचर बसायला लाकूड जागेवर हवे. म्हणून एक हात काखेखालून घालून खालच्याला कुशीवर वळू दिले जात नाही, आणि दुसरा हात किंवा खांदा त्याच्या जबड्याला लावून मान पलीकडे फिरवली जाते. मान ज्या दिशेला वळते त्याच्या उलट कंबर वळवायला पाठीच्या कण्याला जोर मिळत नाही. एवढे जमले की खालच्याच्या पायांत अडकलेला आपला घोटा सोडवायला घाई करावी लागत नाही. खालचा गडी श्वासासाठी धडपडत असताना घोटा हळूहळू निसटतो आणि पंच 3 सेकंद मोजू लागतो.