लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डावरचं ओव्हरक्लॉक टिकत का नाही : थोडी पार्श्वभूमी

ओव्हरक्लॉक म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, म्हणजे क्लॉक, कंपनीने ठरवल्यापेक्षा वाढवून चालवणं. आमच्याकडे भुसावळला आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की हा प्रश्न येतोच. "दादा, रात्री कोअरला (मुख्य चिपला) प्लस दीडशे मेगाहर्ट्झ टाकलं, अप्लाय केलं, गेम मस्त चालला, सकाळी उघडून बघतो तर परत झिरो." मागच्या महिन्यात जळगावचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा हेच घेऊन आला होता, त्याने तीनदा विंडोज नवीन टाकून झाली होती, गोलाणी मार्केटला जाऊन चिपवरची उष्णता काढणारी पेस्ट बदलून झाली होती, आणि तरी त्याची खात्री होती की कार्डच गेलंय. कार्ड धडधाकट होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण हे सेटिंग का टिकत नाही ते समजायला ते आधी कुठे राहायचं आणि आता कुठे राहतं हे माहीत पाहिजे.

प्लस दीडशे हा आकडा कार्डात कुठेच साठत नाही. आफ्टरबर्नरसारखं ओव्हरक्लॉक करायचं टूल तो आपल्या प्रोफाईलमधे ठेवतं आणि दर वेळी विंडोज चालू झाल्यावर ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगतं, की भो, एवढं वाढव. ड्रायव्हर नव्याने सुरू झाला की पाटी कोरी. पूर्वी ज्यांना कायमचं पाहिजे असायचं ते कार्डाचा बायोसच (कार्डाच्या आत साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून परत कार्डात लिहायचे, म्हणजे फ्लॅश करायचे, चुकलं तर स्क्रीन काळी, पण जमलं तर आकडा पक्का. २०१६ च्या पिढीपासून कार्ड बायोसची सही तपासायला लागलं, बदललेला बायोस चालेना आणि तो रस्ता बहुतेकांसाठी संपला.

त्याच्याही आधी, २०१२ ला, बूस्ट नावाचा प्रकार आला होता. तोपर्यंत क्लॉक म्हणजे एक ठरलेला आकडा होता, बूस्ट आल्यावर चिप स्वतःच तापमान, पॉवर आणि व्होल्टेज बघून वर-खाली व्हायला लागली. शब्द मात्र ओव्हरक्लॉकच राहिला. आपण आज जे टाकतो ती चिपच्या स्वतःच्या हिशेबात घातलेली भर असते, फिक्स आकडा नसतो. अर्ध्या तक्रारी इथूनच येतात. टूलमधे प्लस १५० दिसतंय पण गेममधे क्लॉक खाली आला असेल तर सेटिंग टिकलेलं आहे, कार्ड पॉवरच्या नाहीतर तापमानाच्या लिमिटला अडकलंय. टूलमधेच झिरो दिसत असेल तर सेटिंग खरोखर गेलंय. आधी एवढं बघा, कारण दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे.

आता २०१५ चं प्रकरण, आणि ते मी थोडक्यात आटपणार नाही, कारण माझ्या मते लॅपटॉपवाल्यांचं सगळं दुखणं त्यातच आहे. एनव्हिडियाची जीटीएक्स ९७०एम आणि ९८०एम ही लॅपटॉपची कार्डं २०१४ च्या ऑक्टोबरमधे आली. जड, महाग लॅपटॉप, मोठे पंखे, आणि लोकांनी ते घेतलेच होते क्लॉक वाढवून चालवायला. वाढवायची मुभा पण फार नव्हती, त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉप कार्डांना कोअरवर प्लस १३५ च्या पुढे जाताच यायचं नाही. मग ३४७ मालिकेतला ड्रायव्हर आला आणि टूलमधला क्लॉक वाढवायचा स्लायडर हलायचाच बंद झाला. लोकांना वाटलं टूल बिघडलं. टूलं बदलली, ड्रायव्हर पुसून परत टाकले, काही नाही. शेवटी २०१५ च्या फेब्रुवारीत चिप बनवणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे एनव्हिडियाकडून, खुलासा आला. लॅपटॉपची कार्डं ओव्हरक्लॉकसाठी बनवलेलीच नाहीत, आधी जे होत होतं ते ड्रायव्हरमधल्या बगमुळे (चुकीमुळे) होत होतं, आणि तो बग आम्ही काढलाय, असा त्याचा मतलब.

बग! या एका शब्दावर लोक जेवढे चिडले तेवढे स्लायडर गेल्यावर पण चिडले नव्हते. कारण लॅपटॉप विकणारे काही जण ओव्हरक्लॉक करता येतं असं सांगूनच मशीन विकत होते, आणि लोकांनी त्यासाठी जास्त पैसे मोजले होते. पैसे घेताना फीचर आणि काढून घेताना बग, हे कसं चालेल? आठवड्याभरातच कंपनीने माघार घेतली, पुढच्या महिन्यातल्या ड्रायव्हरमधे सोय परत देतो म्हणाली, ज्यांना घाई आहे त्यांनी तोवर ३४४.७५ या जुन्या ड्रायव्हरवर मागे जावं असंही सांगितलं, आणि मार्चमधे सोय खरंच परत आली.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. २००८ मधे त्याच कंपनीच्या लॅपटॉप चिपा पॅकेजिंगच्या मालामुळे खराब होत होत्या आणि तिला पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढायला लागले होते, तेव्हा उष्णतेची धास्ती समजू शकते. पण ते दुखणं चिपच्या मालाचं होतं, लोकांनी स्लायडर हलवल्याचं नव्हतं. आणि ज्याने पैसे देऊन मशीन घेतलं त्याला न सांगता ड्रायव्हरमधून हात बांधायचे, हे मला तेव्हाही चूक वाटलं आणि आजही वाटतं. सोय परत आली तरी सेटिंग शेवटी ड्रायव्हरवाल्याच्या हातात आहे हे सगळ्यांना कळून चुकलं.

त्यानंतर लगाम लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या हातात जास्त गेला. २०१६ ला लॅपटॉप कार्डांच्या नावातला एम गेला, २०१७ ला मॅक्स-क्यू, म्हणजे बारीक लॅपटॉपसाठी कमी पॉवरवर चालणारा प्रकार, आलं, २०२१ ला नावातून तेही काढलं, मग आरटीएक्स ३०८० हे एकच नाव ८० वॅटच्या मशीनलाही आणि १५० वॅटच्या मशीनलाही. बोंबाबोंब झाल्यावर लॅपटॉपवाल्यांना वॅट छापायला सांगितले गेले. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉपवाला ठरवतो, म्हणून पॉवर लिमिटचा स्लायडर बहुतेक लॅपटॉपवर हलत नाही. तो तुमच्याकडे पण हलत नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

आणि याच काळात बहुतेक गेमिंग लॅपटॉपसोबत लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं कंट्रोल ॲप यायला लागलं, सायलेंट, बॅलन्स, टर्बो वगैरे मोड. पुष्कळ मशीनवर या मोडमधे कार्डाचा ऑफसेट, म्हणजे तोच प्लस-मायनसचा आकडा, पण असतो. आता बघा, लॉगिन झाल्यावर आफ्टरबर्नरने प्लस दीडशे लिहिलं, दहा सेकंदांनी कंपनीचं ॲप जागं झालं आणि त्याने आपल्या मोडचा आकडा लिहिला. जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहणार. जळगावच्या पोराचं हेच होतं. दोघांपैकी एकाकडेच क्लॉक ठेवा, कंपनीच्या ॲपमधे मॅन्युअल मोड असेल तर सरळ तिथेच आकडा टाका, नाहीतर आफ्टरबर्नर मिनिटभर उशिरा चालू करा.

बाकी कारणं पटापट सांगतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे, त्यात शटडाऊन म्हणजे अर्धं हायबरनेट, विंडोज पूर्ण बंद न होता काही भाग जपून ठेवतं, त्यामुळे बंद-चालू आणि रीस्टार्टचा निकाल वेगळा येऊ शकतो, तपासताना ते बंद ठेवा. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर परत सुरू करतं आणि आकडा उडू शकतो, असं गेममधेच होत असेल तर आकडा जास्त आहे, शंभरवर या.

आपल्याकडचा खास मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर असताना इकडे कोणाला जास्त एफपीएस (गेममधे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) नको असतात, व्होल्टेज कमी करून मशीन गार ठेवायचं असतं, म्हणून लोक कर्व्ह, म्हणजे किती व्होल्टेजला किती क्लॉक याचा आलेख, बनवतात. पण कर्व्ह तापमानाबरोबर थोडा सरकतो. रात्री गच्चीवर बसून बनवलेला कर्व्ह दुपारी पत्र्याच्या खोलीत उघडला तर एक-दोन पायऱ्या खाली दिसेल. तो गेलेला नाही, परत परत अप्लाय करू नका, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी सेव्ह होईल.

त्या जळगावच्या पोराला मी टास्क शेड्युलरमधे (विंडोजमधे ठरल्या वेळी कामं आपोआप चालू करायची सोय) एक मिनिट उशिराचं टास्क करून दिलं, आफ्टरबर्नरचं प्रोफाईल एक लावणारं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी फोन, परत झिरो. विचारलं लाईट होती का? नव्हती, सकाळपासून गेलेली. हाताने टास्क बनवलं की त्यात चार्जर लावलेला असेल तरच चालू करा ही खूण आधीपासून टिक असते, मशीन बॅटरीवर उठलं की टास्क पळतच नाही. कंडिशन्समधे जाऊन ती टिक काढली आणि लाईट आल्यावर कंपनीचं ॲप मोड बदलत होतं तेही बंद केलं. पंधरा दिवस झाले, आकडा जागेवर आहे.