विद्यापीठांची संशोधनविमुखता

विद्यापीठांची संशोधनविमुखता : संशोधनाचे ध्येय बाळगणारे विद्यापीठ हळूहळू परीक्षा, संलग्नता आणि पदवीदान यांतच गुंतत जाण्याची प्रक्रिया. ठराव करून संशोधन बंद केल्याचे प्रसंग विरळा. रिकामी पदे, अपुरा निधी आणि कारभाराचा वाढता बोजा यांखाली ते मागे पडते.

भारतात याचे मूळ जुने आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे केवळ परीक्षा घेत. स्वातंत्र्यानंतर मोठ्या प्रयोगशाळा विद्यापीठांबाहेर उभ्या राहिल्या. पुण्यात १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली. २००६ मध्ये आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची भर पडली. शहरातले संशोधन वाढत गेले, पण त्यातला मोठा वाटा विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर राहिला. आयुका (१९८८) ही खगोलशास्त्र व खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था हा त्यावरचा शहाणा उपाय : देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांना सामायिक सुविधा मिळाव्यात म्हणून जयंत नारळीकरांनी ती विद्यापीठाच्या आवारातच उभारली.

सर्वांत जड ओझे संलग्नतेचे. पुणे, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. सत्रपद्धतीत वर्षातून दोनदा प्रश्नपत्रिका काढणे, कॅप (केंद्रीय मूल्यांकन) केंद्रावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणे, पुनर्मूल्यांकन, निकाल हे चक्र फिरते. एक सत्र आटोपते न आटोपते तोच दुसऱ्याचे वेळापत्रक लागते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला तर मोबदलाच घेतलेल्या तासांचा; ग्रंथालयात घालवलेला दिवस त्याच्या पदरचा.

२०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी 'एपीआय' (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुण मोजले जाऊ लागले. शोधनिबंधांची संख्या फुगली, पैसे घेऊन छापणारी नियतकालिके फोफावली. हाही संशोधनापासून दुरावण्याचाच प्रकार, आणि अधिक घातक. कारण कागदोपत्री सारे भरभराटीचे दिसते.

उलट दिशेचे उदाहरणही पुण्यातच आहे. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी तेथे काम केले. तेथेच भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशासाठी शेकडो ग्रंथांतून शब्द वेचून हाताने लाखो चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये छापून झाला. वार्षिक गुणांच्या हिशेबात एवढा सबुरीचा प्रकल्प आज मंजूर होणे कठीण आहे.