व्यावसायिक इजा

काम करताना किंवा कामाच्या परिस्थितीमुळे शरीराला होणारी हानी. घसरून पडणे, उंचावरून कोसळणे, यंत्रात बोटे सापडणे, भाजणे, डोळ्यांत कण जाणे, ओझे उचलताना पाठीत उसण भरणे हे तिचे परिचित प्रकार होत.

अशा इजांची सर्वांत जुनी नोंद म्हणून ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन वैद्यकीय लेखाचा (इ. स. पू. सु. १६००) दाखला पुष्कळदा दिला जातो. त्यातील ४८ रुग्णवर्णने बहुतांशी डोके, मान व छाती यांच्या दुखापतींची आहेत. काही अभ्यासक हे रुग्ण बांधकामावरील मजूर मानतात, तर काही सैनिक. डोक्यावर पडल्याने मानेचा एक मणका दुसऱ्यात रुतल्याचे वर्णन दोन्ही मतांना जुळते. त्यामुळे संग्रहात दोन्ही प्रकारचे रुग्ण असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बेर्नार्दीनो रामात्सीनी या इटालियन वैद्याच्या १७०० मधील ग्रंथापासून मात्र पुरावा निःसंदिग्ध होतो. लेखनिकांच्या व्याधींची कारणे म्हणून त्याने सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरील ताण ही तीन सांगितली.

क्षणात होणारी इजा आणि हळूहळू जडणारा विकार यांतील सीमारेषा हा या विषयातील खरा अवघड प्रश्न आहे, कारण नोंद व भरपाई पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असतात. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्यांच्या हातांतील रक्तवाहिन्यांचा विकार इटालियन वैद्य लोरिगा यांनी १९११ मध्ये वर्णिला आणि अमेरिकन वैद्य ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील चुनखडी घडवणाऱ्या कामगारांत तो तपासला. गारठ्यात या कामगारांची बोटे पांढरीफटक व बधिर पडत आणि छिन्नी धरणाऱ्या हाताला त्रास अधिक होई. येथे अपघाताची घटका दाखवता येत नाही. तरी ही कामाने केलेली इजाच होय.

एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजाविरहित अपघात असतात, हे अमेरिकन औद्योगिक सुरक्षातज्ज्ञ हाइनरिक यांचे गुणोत्तर (१९३१) दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु त्यामागील मूळ नोंदी पडताळणीस उपलब्ध नाहीत, शिवाय गंभीर व किरकोळ अपघातांची कारणे अनेकदा भिन्न असतात. म्हणून ते नियम म्हणून वापरू नये.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार दरवर्षी सु. ३.३ लाख कामगार अपघातांत दगावतात आणि सु. ३९.५ कोटी कामगारांना प्राणघातक नसलेल्या इजा होतात. शेती, बांधकाम, वनकाम, मासेमारी व कारखानदारी हे व्यवसाय सर्वाधिक धोक्याचे समजले जातात. मांस कापणाऱ्यांना सुरीच्या जखमांबरोबर मनगटाचे दुखणे जडते. परिचारिकांना सुई टोचण्याचा धोका असतोच, पण रुग्णाला उचलताना व कूस बदलताना पाठीवर येणारा भार त्याहून कमी लेखला जातो. वजन उचलण्यासाठी अमेरिकेतील एका प्रचलित सूत्रात २३ किग्रॅ. ही मर्यादा धरली आहे, तीही सर्व परिस्थिती अनुकूल असताना. ओझे अंगापासून दूर असल्यास किंवा कंबर वळवावी लागल्यास ती झपाट्याने खाली येते, आणि खाटेवरील रुग्णाच्या बाबतीत बहुधा दोन्ही घडते.