भिवंडी, वसई-विरार 'मुंबईत' मोजतात का?

मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 84 लाख, आणि त्यात भिवंडी, वसई-विरार सगळं आलं, असं वर्षानुवर्षं फिरतंय. चुकीचं आहे ते.

हा आकडा 2011 च्या जनगणनेतल्या बृहन्मुंबई नागरी समूहाचा. त्यात ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर धरलंय. खुद्द मुंबई महापालिकेची लोकसंख्या तेव्हा 1 कोटी 24 लाख होती. कशेळीचा पूल ओलांडला की ठाण्यातून थेट भिवंडी तालुका लागतो, इतकं जवळ आहे, तरी जनगणनेत भिवंडीचा समूह वेगळा आणि वसई-विरारही वेगळंच मोजलंय.

गोंधळ कुठे होतो, तर एमएमआरमध्ये, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात. ती हद्द राज्य सरकार नियोजनासाठी ठरवतं, म्हणजे मेट्रो, मोठे रस्ते, विकास आराखडा वगैरे, आणि त्यात भिवंडी, वसई-विरारच काय, पालघर-अलिबागकडची गावंपण येतात. जनगणनेचा निकष वेगळा, तिथे मूळ शहराला लागून सलग पसरलेली वस्ती बघतात.

आणि प्लीज, एमएमआरमध्ये आलं म्हणजे मुंबई महापालिकेत विलीन झालं असंही नाही हो, भिवंडीकर घरपट्टी भिवंडी-निजामपूर महापालिकेलाच भरतात!