डेडलॉक : संसाधनवाटपातील कोंडी

डेडलॉक म्हणजे दोन किंवा अधिक प्रोसेस (यंत्रावर चालू असलेले प्रोग्रॅम) एकमेकींच्या ताब्यातल्या संसाधनाची वाट पाहत कायमच्या अडकून पडणे. बाहेरून कोणी हात घातल्याशिवाय ही कोंडी सुटत नाही. बडोद्याच्या जुन्या शहरात लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडचे रस्ते मांडवीला येऊन मिळतात. चारी बाजूंनी एकेक टेम्पो चौकात शिरला, प्रत्येकाचे तोंड दुसऱ्याच्या कुशीला टेकले आणि मागे रांग लागली, की कोणालाच पुढे जाता येत नाही आणि मागेही सरता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये रस्त्याच्या तुकड्याच्या जागी लॉक (म्हणजे एका वेळी एकालाच वापर करू देणारे कुलूप), फाइल, प्रिंटर किंवा मेमरी असते; अडकण्याची तऱ्हा हीच.

१९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी या कोंडीच्या चार अटी एकत्र मांडल्या. चौकाच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच वाहन मावते. हाती आलेली जागा न सोडता पुढची मागितली जाते. ती जागा जबरदस्तीने काढून घेता येत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी येते. चारही जुळल्या तरच डेडलॉक होतो, म्हणून एक मोडली तरी काम भागते. प्रिंटरच्या बाबतीत पहिली अट मोडतात: प्रोसेस मजकूर रांगेत टाकून मोकळी होते आणि प्रिंटरला हात फक्त स्पूलर, म्हणजे ती रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, लावतो. सगळी संसाधने सुरुवातीलाच एकदम मागायची, हा दुसरी अट मोडण्याचा उपाय. पण त्यात शेवटच्या मिनिटाला लागणारी वस्तूही तासभर अडवून ठेवली जाते.

रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडते ती चौथी अट मोडणे. दांडिया बाजारातल्या एखाद्या सहकारी पतपेढीची कल्पना करा. एका खिडकीवर खाते १०१ मधून २०५ मध्ये पैसे वळते करायचे आहेत, त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर २०५ मधून १०१ मध्ये. पहिल्या व्यवहाराने १०१ ला कुलूप लावले, दुसऱ्याने २०५ ला. आता दोघेही थांबलेले. पैसे कोणाकडून कोणाकडे जातात याचा विचार न करता कुलूप नेहमी लहान क्रमांकाच्या खात्याला आधी लावायचे, एवढा नियम केला की दुसरा व्यवहार १०१ पाशीच थांबतो आणि २०५ मोकळे राहते. साखळी गोल होऊच शकत नाही. नियम सोपा आहे, पाळणे अवघड; कारण मोठ्या प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते आणि आतले कुलूप बाहेरून दिसत नाही. एकाच थ्रेडने (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याने) तेच साधे म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप, दोनदा मागून स्वतःच अडकण्याचे प्रकार याच वाटेने होतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००६ पासून असलेला लॉकडेप हा तपासनीस कुलपे कोणत्या क्रमाने घेतली गेली याची नोंद ठेवतो आणि उलटा क्रम दिसताच इशारा देतो. प्रत्यक्ष कोंडी झालेली नसली तरी देतो, हे त्याचे मोठेपण.

कोंडी टाळणे

टाळणे म्हणजे मागणी आली की ती पुरवण्याआधी पुढचा हिशेब मांडून पाहणे. डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेला बँकर्स अल्गोरिदम हेच करतो. १९६९ मध्ये हाबरमन यांनी तो अनेक प्रकारच्या संसाधनांपर्यंत नेला. समजा, एका पेढीकडे १२ लाख आहेत. कापडवाल्याला जास्तीत जास्त ९ लागतील, मंडपवाल्याला ५, फरसाणवाल्याला ७. आतापर्यंत त्यांनी अनुक्रमे ३, २ आणि ४ उचलले. तिजोरीत उरले ३. अजून लागू शकतात ६, ३ आणि ३. मंडपवाल्याला ३ देऊन त्याचे काम पुरे झाले की तो सगळे ५ परत करतो. त्यातले ३ फरसाणवाल्याला दिले की तो ७ परत करतो आणि तिजोरीत ९ होतात. कापडवाल्याचे ६ त्यातून भागतात. सगळ्यांचे पुरे होईल असा एक तरी क्रम सापडला, म्हणून ही स्थिती सुरक्षित.

आता कापडवाला १ लाख मागतो. दिला तर तिजोरीत २ उरतात आणि बाकीच्या गरजा ५, ३, ३ होतात. एकाचेही पुरे करता येत नाही, म्हणून पैसे हातात असूनही त्याला थांबवायचे. तोच १ लाख मंडपवाल्याने मागितला तर द्यायला हरकत नाही: त्याची गरज २ वर येते, तिजोरीतही २ असतात. असुरक्षित स्थिती म्हणजे डेडलॉक नव्हे, हे इथे नीट लक्षात घ्यावे. कापडवाल्याने कमाल रक्कम न मागता मधेच थोडी परत केली असती तर काहीच बिघडले नसते. अल्गोरिदम मात्र वाईटात वाईट धरूनच चालतो.

या पद्धतीची खरी अडचण हिशेबाची नाही. प्रत्येक प्रोसेसने आपली कमाल गरज आधी सांगितली पाहिजे, आणि ब्राउझर किंवा सर्व्हर ते सांगू शकत नाही. प्रोसेस येत-जात असतात, यंत्रेही मधेच बंद पडतात. त्यामुळे रोजच्या वापरातल्या ऑपरेटिंग सिस्टीम ही पद्धत सर्रास वापरत नाहीत. कामे आणि त्यांच्या गरजा आधीच ठरलेल्या असतात अशा बंदिस्त यंत्रणेतच ती शोभते.

कोंडी शोधणे

प्रत्येक संसाधन एकेकच असेल तर कोण कोणासाठी थांबले आहे याचा आलेख काढायचा; त्यात चक्र सापडले की डेडलॉक नक्की. एका प्रकारची अनेक संसाधने असतील तर चक्र पुरेसा पुरावा नाही, कारण चक्राबाहेरची एखादी प्रोसेस दुसरा प्रिंटर सोडून कोंडी फोडू शकते. तेव्हा बँकर्ससारखाच हिशेब करतात, फक्त कमाल गरजेऐवजी आताची मागणी धरतात. ज्यांच्या हाती काहीच नाही त्या प्रोसेस आधीच बाजूला काढतात. ज्यांची मागणी शिल्लकीत बसते त्यांच्याकडचे सगळे परत आले असे मानून पुढे जातात. शेवटी ज्या उरतात त्या अडकलेल्या. प्रोसेस n आणि संसाधनांचे प्रकार m असतील तर काम m × n² च्या प्रमाणात वाढते, म्हणून ही तपासणी प्रत्येक मागणीला करणे महाग पडते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये १ सेकंद थांबूनही कुलूप मिळाले नाही तरच शोध सुरू करतो. बहुतेक वेळा त्याआधीच कुलूप सुटलेले असते.

यंत्रासमोर बसून पाहताना आधी प्रोसेसर किती चालतो ते बघावे. डेडलॉकमध्ये अडकलेल्या प्रोसेस झोपलेल्या असतात, प्रोसेसर जवळपास रिकामा. प्रोसेसर तापलेला आणि काम मात्र पुढे सरकत नाही, असे असेल तर तो लाइव्हलॉक असू शकतो: दोघेही एकमेकांना वाट देत पुन्हा एकदमच पुढे येतात. जावा भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी जेस्टॅक हे साधन चालवले की कोणत्या थ्रेडने कोणते कुलूप धरले आहे ते नावानिशी छापून येते.

कोंडी फोडायची तर कोणाचा तरी बळी द्यावा लागतो. सर्वांत कमी काम झालेली प्रोसेस निवडणे स्वस्त पडते, पण दरवेळी तीच निवडली गेली तर तिचे काम कधीच पुरे होणार नाही. म्हणून ती किती वेळा मागे घेतली याची मोजणी ठेवतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणीच्या भागात एक गफलत वारंवार होते. डेडलॉकची त्रुटी १२१३ आली तर संपूर्ण व्यवहार मागे घेतला जातो. कुलपासाठीची ५० सेकंदांची मुदत संपून त्रुटी १२०५ आली तर मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचे विधान (व्यवहारातली एक आज्ञा) रद्द होते आणि आधीची कुलपे तशीच राहतात. अशा वेळी प्रोग्रॅमने स्वतः रोलबॅक करून, म्हणजे पूर्ण व्यवहार मागे घेऊन, थोडा अनियमित अवधी थांबून, व्यवहार पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवला पाहिजे.