चित्र जुनं शे, कार्ड नही

दर चार-आठ दिवसांनी मोबाइलवर एखाद्या चित्रवाल्या पोस्टकार्डाचा फोटो येतो. अळंबीच्या छत्रीखाली बसलेली परी, कोट घालून चहा पिणारी मांजरं, नाहीतर अख्खी घोडागाडी व्यापून उरलेलं मक्याचं एकच कणीस. खाली ठरलेला प्रश्न : "नाना, हाई जुनं शे ना?" माझंही उत्तर ठरलेलं : चित्र जुनं शे, कार्ड नही. झालं, समोरचा रुसतो. त्याच्या लेखी या दोन गोष्टी एकच असतात.

एक नाहीत. चित्र १९०८ सालचं आणि ते ज्या पुठ्ठ्यावर छापलंय तो गेल्या दिवाळीतला, असं खुशाल असू शकतं. बाजारात तेच जास्त आहे.

नव्या छपाईबद्दल फार सांगत नाही, ती तुमच्या घरात पडलेली आहे. कुठलीही रंगीत लग्नपत्रिका भिंगाखाली धरा : निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, शिस्तीत मांडलेले, फुलाच्या पाकळ्यांसारखे. हे ऑफसेट. भिंग दहापट मोठं दाखवणारं हवं. जळगावकरांनी ते ऑनलाइन मागवू नये, सराफ बाजारात कुणीही दुकान दाखवेल.

किरकोळ खुणा आधी उरकतो. जुनी कार्डं साधारण साडेतीन बाय साडेपाच इंचांची, हल्लीची बहुतेक चार बाय सहा; पण कात्री सगळ्यांकडे असते. पाठीमागे मजकूर आणि पत्ता वेगळा करणारी उभी रेघ इंग्लंडात १९०२ पासून, जर्मनीत १९०५, अमेरिकेत १९०७. पण नक्कल करणारा रेघेचीही नक्कल करतो. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद उजळवणारी रसायनं त्याच सुमारास वापरात आली. नाही चमकला तर काहीच सिद्ध होत नाही. आणि पिवळेपणाबद्दल मला कुणी काही सांगूच नये. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं वर्तमानपत्रसुद्धा पुरातन दिसायला लागतं. काही महाभाग तर कार्डाला चहा पाजतात.

आता खरी अडचण. ती अडाण्यांची नाही, अर्धवट शिकलेल्यांची आहे. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, "ठिपके दिसले की नक्कल." हे वाक्य मीही काही वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. भुसावळला एका जुन्या रेल्वे कुटुंबाकडे पत्र्याची पेटी उघडली, तिच्यात लंडनच्या राफाएल टक या कार्डं काढणाऱ्या कंपनीचं 'ऑइलेट' (तैलचित्रासारखं दिसणारं कार्ड) निघालं, लुई वेन या इंग्रज चित्रकाराच्या मांजरांचं. मी भिंग लावलं, ओळीतले ठिपके दिसले, आणि "ही नक्कल आहे हो, मावशी" असं म्हणून परत दिलं. कार्ड अस्सल होतं. पुढे कळलं तेव्हा ते त्यांनी देऊनही टाकलं होतं.

चूक अशी की जुनी छपाई एका प्रकारची नव्हतीच. पहिला प्रकार शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कारागिराने हाताने टिपलेले ठिपके. ते लहानमोठे, वाकडेतिकडे, बाजरीचे दाणे सांडल्यासारखे. देवघरात माळवलीच्या रविवर्मा प्रेसचं अस्सल चित्र असेल तर तेही याच जातीचं. त्याच्या शेजारी त्याच चित्राचं आजचं कॅलेंडर ठेवा आणि दोन्ही भिंगातून बघा, पाच मिनिटांत डोळा तयार होतो. दुसरा प्रकार ब्लॉकची, म्हणजे धातूच्या उठावदार ठशाची छपाई. टकची ऑइलेट १९०३ पासूनची, आणि ती याच पद्धतीने छापलेली. हिच्यात ठिपके ओळीतच असतात! फरक एवढाच की शिशाच्या खिळ्यांसारखा हा ब्लॉकही कागदावर दाबला जातो, म्हणून शाई बाजूला सरकते आणि ठिपक्याच्या काठाला गडद कड येते. ऑफसेटचा ठिपका सपाट असतो. सांगायला सोपं आहे, पण नवशिक्याला ही कड पहिल्या महिनाभर तरी दिसत नाही.

म्हणून माझा हट्ट : चित्र बघूच नका, अक्षरं बघा.

कार्डाच्या ज्या बाजूवर चित्र, त्याच बाजूवर छापील शीर्षक असतं, एखादी शुभेच्छा असते. अस्सल कार्डात ही अक्षरं वेगळी, एका शाईत, अखंड छापलेली असतात. चित्र शिळाछाप असो की ब्लॉकचं, अक्षराचा काठ सलग. नक्कल करणारा काय करतो? अख्ख्या कार्डाचा फोटो काढतो आणि तो फोटो छापतो. मग अक्षरंही चित्रच होतात आणि भिंगाखाली ठिपक्यांत विरघळतात. टकच्या बाबतीत तर नक्कल करणाऱ्याला दुसरा इलाजच फारसा नाही : २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधली त्यांची इमारत जळाली, मूळ चित्रं आणि दप्तर त्यातच गेलं. म्हणजे पुन्हा छापायचं तर बहुधा जुन्या कार्डावरूनच.

यात लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, चित्रकाराची सही धरू नका. सही चित्रातच रंगवलेली असते, त्यामुळे अस्सल ब्लॉकमध्येही ती ठिपक्यांतच उतरते. दोन, मागच्या बाजूच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. नक्कल करणारे मागची बाजू पुष्कळदा नव्याने जुळवून काळ्या शाईत छापतात, ती अखंडच दिसणार. मागची अक्षरं ठिपक्यांची निघाली तर मात्र निकाल लागला. पोस्टाच्या शिक्क्याचंही तेच. शिक्का हाताने मारलेला असतो, त्याची शाई कागदात मुरते. शिक्का चाररंगी ठिपक्यांचा दिसला तर तो कुठल्याही पोस्टात बसलेला नाही. मी घडीसुद्धा छापलेली पाहिली आहे : कार्डावर मोड दिसते, नख फिरवलं तर कागद गुळगुळीत.

मक्याच्या कणसाचा मामला वेगळा. ही थापेबाज कार्डं अमेरिकेतली, त्यातला मोठा उस्ताद कॅन्ससमधल्या ओटावा गावचा फोटोग्राफर विल्यम मार्टिन. १९०८ च्या सुमारास तो फोटो कापून, चिकटवून, पुन्हा फोटो काढून असले चमत्कार घडवायचा. (रावेरच्या केळीचा घड मालगाडीवर लादलेलं कार्ड कुणी काढलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बामणोदचं वांगं तर थाप न मारताही चाललं असतं.) ही कार्डं म्हणजे फोटोच्या कागदावर धुतलेले खरे फोटो, त्यामुळे तिथे ठिपका मुळीच नको. नेगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलेलं अक्षर छापात पांढरं उमटतं, तेही सलग. पण आजच्या स्टुडिओत धुतलेल्या फोटोलाही ठिपके नसतात. तिथे कार्ड तिरपं धरून काळ्या भागाच्या कडा बघा. जुन्या फोटोत चांदी वर येऊन आरशासारखी झाक मारते. ती नसली म्हणून कार्ड बाद होत नाही, असली तर मी निर्धास्त होतो.

नकलेशी माझं वैर नाही. ते कणीस माझ्या फ्रिजवर चिकटलेलं आहे, ऑफसेटचंच. वैर आहे ते 'रेअर' या शब्दाशी आणि त्यापायी किमतीत वाढणाऱ्या दोन शून्यांशी. आणि कोऱ्या कार्डापेक्षा मला लिहिलेलं कार्ड आवडतं. विकणारे उलट सांगतील, सांगू देत.

तेव्हा यापुढे फोटो पाठवताना अख्खं कार्ड नको. कॅमेऱ्यावर भिंग धरा आणि शीर्षकातलं एक अक्षर पाठवा, परी मागाहून बघू. कार्ड लॅमिनेट केलं असेल तर पाठवूच नका, मला बघवत नाही.