अस्थिप्रतिमान, संगणकीय

रुग्णाच्या सिटी स्कॅनवरून त्याचे हाड संगणकात त्रिमितीत उभे करून, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) कोणत्या मापाचे आणि कोणत्या कोनात बसवायचे हे शस्त्रक्रियेआधी ठरवण्याची पद्धत. साध्या एक्स-रेवर खुबा सुमारे १५ ते २० टक्के मोठा दिसतो. म्हणून शेजारी ठाऊक मापाची धातूची गोळी ठेवून हिशेब करतात. नेहमीच्या खुबेरोपणाला तेवढे बहुधा पुरते.

कोकणात पोफळीचे खोड चिरून, आतला भुसभुशीत गाभा काढून पन्हळ करतात. मांडीचे हाडही साधारण तसेच : बाहेर टणक कवच, टोकांशी आत जाळीदार हाड, मध्ये मज्जेची पोकळी. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेनुसार हाउन्सफील्ड अंक मिळतो. हवा उणे १०००, पाणी ०, टणक कवच १००० च्या आसपास किंवा पुढे. काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घेतात. हाडाची कड संगणक शोधतो, पण तपासावी लागते माणसालाच. आत धातूची जुनी प्लेट असेल तर प्रतिमेवर रेघोट्या उमटतात आणि खरा वेळ तिथे जातो.

पुढे हाडाचे हजारो बारीक घटक पाडून प्रत्येकावरचा ताण मोजतात. अस्थिशास्त्रात ही रीत १९७२ पासून आहे. टणक हाडाचा ताठरपणा १७ ते २० गिगापास्कल, इम्प्लांटच्या टायटॅनियम मिश्रधातूचा ११० च्या घरात, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. ताठ धातूने भार स्वतःवर घेतला की हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जाते. भाराप्रमाणे हाड आपली घडण बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले होते.

भार कोणता धरायचा, हे मात्र माणसाने सांगायचे. सपाटीवर चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, अडखळल्यास पुष्कळ जास्त. गणिते बहुधा सपाटीवरच्या चालीची असतात. इथे कोकणात घाटी उतरायची ती शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून, आणि मासे कापायचे ते विळीवर बसून. उकिडवे बसताना गुडघा १३० अंशांच्याही पुढे वळतो. हे आधी विचारलेले बरे.

माडावरून पडलेल्या पाडेल्याच्या (नारळ उतरवणाऱ्याच्या) टाचेचा अनेकदा चुराच होतो. अशा वेळी दुसऱ्या पायाच्या धड टाचेचे प्रतिमान आरशातल्यासारखे उलटवून त्यावरून तुकडे जुळवतात. तेच हाड प्लॅस्टिकमध्ये छापून घेतले, तर प्लेट आदल्या दिवशीच त्यावर वाकवून ठेवता येते.